बसल्या जागी

मराठी भाषेने 'बसणे' ह्या क्रियापदावर जितका राग काढला आहे, तितका दुसऱ्या कशावर क्वचितच काढला असेल. धंदा बुडाला की तो 'बसतो'. गवयाचा गळा बिघडला की आवाज 'बसतो'. पावसाने भिंत खचली की ती 'बसते' आणि माणूस हबकला की तो मटकन खाली बसतो. 'बसून खाणे' ही तर शिवीच आहे. उलट 'चालणे' पाहा. घड्याळ चालते, दुकान चालते, संसार चालतो, नाडी चालते, एखादी गोष्ट मनास आली की आपण म्हणतो, "चालेल!" ही भाषा घडवणाऱ्या आमच्या वाडवडिलांनी हृदयाचा आलेख कधी पाहिला नव्हता, पण जे चालते ते जिवंत आणि जे बसले ते संपले, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि त्यांच्याच वंशजांनी आयुष्याचे परमोच्च ध्येय म्हणून काय निवडले? तर खुर्ची!

ह्या खुर्चीबद्दलच आज भांडायचे आहे. सणासुदीच्या दिवशी भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हा अंक वाचक बहुधा आडवे होऊन, शेजारी चिवड्याची ताटली ठेवून वाचत असणार. भांडण करायला ह्याहून योग्य वेळ कोणती?

यवतमाळहून अमरावतीकडे निघाले की वाटेत नेर लागते. कागदोपत्री नेर-परसोपंत. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणारा तालुका. म्हणजे हातापायांनी पोट भरणारा तालुका. पण तालुक्याचे ठिकाण म्हटले की तहसील आली, पंचायत समिती आली, नगर परिषद आली, बँका आल्या, आणि त्यांच्याबरोबर खुर्च्या आल्या. ह्यांपैकी कोणत्याही कचेरीच्या खिडकीशी दहा मिनिटे उभे राहून बघावे. हे दृश्य नेरचे तसेच दारव्ह्याचे, आणि महाराष्ट्रातल्या हव्या त्या तालुक्याचे. खिडकीच्या अलीकडे उभी माणसे, पलीकडे बसलेली माणसे. अलीकडचा म्हातारा सकाळी वावरात चक्कर मारून, एसटी गाठून, धापा टाकीत आलेला असतो. पलीकडचा कारकून कागद बघतो, मागच्या खोलीतल्या कपाटाकडे बघतो, मनाशी अंतर मोजतो आणि म्हणतो, "उद्या या."

वाचकहो, ह्या दोन शब्दांत किती पावले वाचली आणि किती खर्ची पडली ह्याचा हिशेब कोणी केला आहे काय? कारकुनाची वाचली वीस. म्हाताऱ्याला पडला दोन वेळांचा प्रवास आणि एका दिवसाचा खाडा. ह्यालाच आम्ही 'हेलपाटे' म्हणतो. लोकांची तक्रार असते की कचेरीत माणूस जागचा हलत नाही. डॉक्टरांचीही नेमकी तीच तक्रार आहे! मला वाटते, एवढ्या विद्वानांचे आणि एवढ्या अडाण्यांचे एकमत झालेला दुसरा विषय सापडणार नाही. कारकून उठून त्या कपाटापर्यंत गेला, तर म्हाताऱ्याचा हेलपाटा वाचतो आणि कारकुनाचे काळीज वाचते. लोकसेवा आणि आरोग्य ह्या एकाच वाटेवरच्या गोष्टी आहेत, आणि ती वाट वीस पावलांची आहे.

आता जरा आकडे मांडू. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. आनंदाची गोष्ट. पण त्याच्या बदल्यात रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढली. सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा, मध्ये अर्धा तास जेवणाचा. म्हणजे साडेआठ तास. ह्यात यवतमाळहून किंवा अमरावतीहून रोज 'अपडाऊन' करणाऱ्यांचा बसमधला किंवा मोटारीतला दीड तास तरी घाला. रात्री दूरदर्शन संच आणि मोबाईल ह्यांच्यापुढचे अडीच तास घाला. साडेबारा तास बैठक झाली. सात तास झोप. चोवीसातून उरले साडेचार, आणि त्यांतही जेवण बसून, चहा बसून, देवपूजा बसून. पूर्वी निदान फाइल घेऊन ह्या टेबलावरून त्या टेबलावर जावे लागे. जिथे ई-ऑफिस आले तिथे कागदच संगणकातून फिरू लागला. कागद फिरतो आणि माणूस बसतो! शनिवारची सुट्टी मिळाली खरी. पण ती शरीराच्या खात्यातून रोज पाऊण तास उचलून मिळाली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

कोणी विचारील, बसल्याने होते काय? गादी झिजेल, आणखी काय? तर एका इंग्रज डॉक्टरने ह्याचे उत्तर १९५३ सालीच देऊन ठेवले आहे. त्याचे नाव जेरेमी मॉरिस. लंडनच्या दुमजली बसमध्ये दोन नोकर असत. एक दिवसभर चाक धरून बसणारा ड्रायव्हर आणि एक दिवसभर जिना चढउतार करून तिकिटे फाडणारा कंडक्टर. गाव तेच, गाडी तीच, हवा तीच, पगारपाणी आणि राहणीही साधारण सारखी. फरक एवढाच की कंडक्टर रोज सुमारे ६०० पायऱ्या चढे आणि ड्रायव्हर एकही नाही. मॉरिसने ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० वाहतूक कामगारांची प्रकृती तपासली. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. ज्यांना झाला त्यांना उशिरा झाला आणि त्यातून ते दगावलेही कमी. मग त्याने टपालखाते पाहिले. पत्रे वाटीत हिंडणारा पोस्टमन सुरक्षित आणि आत बसून हिशेब लिहिणारा कारकून धोक्यात. पुन्हा तोच निकाल.

शंकेखोर लोक तेव्हाही होते. ते म्हणाले, जाडी माणसे मुळातच ड्रायव्हर होत असतील. मॉरिसने सरकारी गणवेशांच्या विजारींची मापे काढली आणि १९५६ साली कबूल केले की होय, ड्रायव्हरांची कंबर जास्त आहे. परंतु पुढच्या तपासात असे दिसले की बारीक ड्रायव्हरालाही बारीक कंडक्टरापेक्षा धोका अधिकच. दोष नुसत्या पोटाचा नव्हता, बैठकीचा होता. पुढे त्याने खास आपल्या विषयातली मंडळी निवडली. टेबलाशी बसणारे ब्रिटिश सरकारचे सुमारे १७,००० अधिकारी. १९७३ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, ह्या बैठ्या लोकांतही जे सुट्टीच्या वेळात घाम गाळणारा व्यायाम करीत, त्यांना हृदयविकार इतरांच्या निम्म्याहूनही कमी झाला. हा मॉरिस स्वतः २००९ साली वारला; वय ९९. पुराव्यात काही कमी राहिले असेल तर ते त्याने असे भरून काढले.

आमच्याकडचा मामला तर अधिक गंभीर आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' ह्या ५२ देशांच्या पाहणीत हृदयविकाराच्या झटक्याशी निगडित नऊ गोष्टी मुख्य ठरल्या. तंबाखू, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, फळभाज्यांचा अभाव, मद्यपानाचे प्रमाण आणि व्यायामाचा अभाव. ह्याच पाहणीत दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतरांना सुमारे ५९ व्या. हा सहा वर्षांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण ५३ हे वय कोणते, ते घराघरांत ठाऊक आहे. मुलीचे लग्न ठरायचे असते, मुलगा शेवटच्या वर्षाला असतो, घराचे कर्ज अर्धे फिटलेले असते. नेमक्या त्या वर्षी घरचा कर्ता माणूस 'छातीत जरा जळजळतंय' म्हणून सोड्याचे पाणी पितो. आणि तालुक्याच्या गावी मोठे इस्पितळ म्हणजे यवतमाळ नाही तर अमरावती; रस्ता लांब आणि वेळ थोडा.

बसण्याने शरीरात काय बिघडते तेही साधे आहे. मांड्या आणि पोटऱ्या हे देहातले मोठे स्नायू. ते हलले की रक्तातली साखर आणि मेद ओढून घेऊन जाळतात. पोटरी आकसली की पायातले रक्त वर ढकलले जाते. माणूस तासन्‌तास बसला की हे कारखाने बंद पडतात. जेवणातली साखर रक्तातच रेंगाळते, मेद साचतो, इन्सुलीनचा प्रभाव ओसरतो आणि हृदयाला रक्त पोचवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे पुटे चढत जातात. आमच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या पलीकडे गेली की धोक्याची घंटा समजावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. शिंप्याची टेप घरोघरी असते. फराळापूर्वी एकदा लावून पाहावी. फराळानंतर धीर होणार नाही.

ह्यात परदेशी काही नाही. चरकाने प्रमेहाची कारणे सांगताना बैठकीच्या सुखाला आरंभीच स्थान दिले आहे. त्याला त्याने 'आस्यासुख' असे गोड नाव ठेवले. सुश्रुताचे औषध तर ऐकण्याजोगे आहे. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालत जावे. नाहीतर विहीर खणावी! आज एखाद्या डॉक्टराने अशी चिठ्ठी लिहून दिली, तर रोगी दुसरा डॉक्टर शोधील. त्याला चिठ्ठीवर गोळी हवी असते. गोळी बसल्या जागी घेता येते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिले म्हणणे असे की, "आम्ही दिवसभर राबतो; संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही." हे खोटे नाही. पण थकलेले असते ते डोके. पाय सकाळी होते तसेच कोरे घरी येतात. डोक्याच्या थकव्याला पायांचे काम हाच उतारा आहे. पडून राहणे हा नव्हे.

दुसरे म्हणणे शहाण्यांचे. ते म्हणतात, हा ज्याच्या त्याच्या आळसाचा प्रश्न आहे. ज्याला जगायचे असेल तो पहाटे उठून पळेल. माझा खरा झगडा ह्या शहाण्यांशी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्रासह चार प्रदेशांतले १४,००० हून अधिक लोक तपासले होते. त्यांतले ५४ टक्के पुरेशी हालचाल न करणारे निघाले. पुढे २०२४ साली 'लॅन्सेट'च्या आरोग्यविषयक मासिकात आलेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ ह्याच वर्गात मोडतात. निम्मा देश एकाएकी आळशी झाला काय? ज्या बापाने उन्हातान्हात नांगर धरला त्याचा मुलगा जन्मतःच सुस्त निपजला काय? मुळीच नाही. त्याला आपण बसवले! बापाने कर्ज काढून शिकवले ते एका स्वप्नापायी, की पोराला आपल्यासारखे राबावे लागू नये, पंख्याखाली बसून पगार मिळावा. त्या बापाला मी हसणार नाही. ज्याची पाठ कापूस वेचून वाकली आहे त्याला खुर्ची स्वर्गासारखी दिसली, तर नवल काय? पण शरीरश्रम म्हणजे हलकेपणा आणि बैठक म्हणजे मान, हे सूत्र आम्ही इतके घोटले की साहेबाने स्वतः उठून पाणी प्यायले तर शिपायालाच ओशाळे वाटते. टेबलावरची घंटी हे ह्या रोगाचे पहिले लक्षण. जितका हुद्दा मोठा तितकी खुर्ची खोल, तितकी घंटी जवळ आणि तितकी पावले कमी. बढती मिळते ती हळूहळू हृदयविकाराकडे.

तिसरे म्हणणे मनाला लागणारे आहे. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशाला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे माहीत झाले. जिथे कापूस पिकवणारा जीव देतो, तिथे कारकुनाच्या पोटाच्या घेराचे रडगाणे कशाला? मी विचार केला आणि मला असे वाटते की, दुःखाचे रेशनकार्ड नसते. शिवाय हा कारकून परका कोण आहे? त्या वावरातलाच तो मुलगा. त्याच्या पगारातून गावाकडचे बियाणे येते, धाकट्याची फी जाते, आईचे औषध येते. नापिकीच्या वर्षी तोच एक पगार दोन चुली पेटत्या ठेवतो. तो माणूस खुर्चीत गेला तर एक घर नव्हे, दोन घरे बसतात.

आणि ह्या प्रदेशाला व्यायाम शिकवायला कोणी बाहेरून यायला नको. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्याच मंडळाच्या तरुणांनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी राजा असून सूर्यनमस्काराचा घरोघर प्रचार केला. वऱ्हाडातल्याच गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली. चालत गेले, झाडत गेले आणि रात्री कीर्तनाला उभे राहिले. त्यांच्या तसबिरी आम्ही कचेऱ्यांत लावल्या. तसबिरीखाली खुर्ची ठेवली आणि तीवर आपण बसलो!

शब्दांची दैना पाहा. 'बैठका' म्हणजे पूर्वी तालमीत मारायच्या. पन्नास जोर, शंभर बैठका. आज बैठका भरतात; तीन तास चालतात, म्हणजे तीन तास बसतात, आणि त्यांत चहा-बिस्किटांखेरीज कोणतीच हालचाल होत नाही. 'उठाबशा' आम्ही शाळेत शिक्षा म्हणून योजल्या. मग मोठेपणी मुलांना व्यायाम ही शिक्षा वाटली तर दोष कोणाचा? वर्षातून एकदा, २१ जूनला, कचेरीच्या आवारात सतरंज्या पडतात, छायाचित्रे निघतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि शवासन तेवढे वर्षभर चालू राहते. केंद्र सरकारने २०२१ साली पाच मिनिटांच्या योगविश्रांतीचे एक मोबाईल ॲप काढले, हेतू उत्तम. पण पाच मिनिटे उठण्यासाठी मोबाईल उघडणारा माणूस पुढे अर्धा तास मोबाईलच बघतो, त्याला काय करावे? आमच्या कचेऱ्यांत माणूस स्वखुशीने उठून चालतो तो एकाच कारणासाठी, पानठेल्यावरच्या खऱ्र्यासाठी. म्हणजे पायांनी कमावलेले तंबाखूने तिथल्या तिथे गमावले!

मग करावे काय? दहा हजार पावलांच्या धास्तीने कोणी घाबरून जाऊ नये. तो आकडा कोणा ऋषीचा नाही. १९६५ साली एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र विकायला काढले, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांना रोजच्या ४,४०० पावलांनीही स्पष्ट फायदा झालेला दिसला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्याएवढा व्यायाम मागते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास चालले की परीक्षेत पास. आणि आठ तासांहून जास्त बसावेच लागत असेल तर? दहा लाखांवर लोकांच्या माहितीवरून २०१६ साली असे दिसले की, रोज तास-सवा तास चालण्याएवढी हालचाल केली तर त्या बैठकीचे पाप बहुतेक फिटते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी मात्र कोणी शूरपणा करू नये. पहाट आपलीच आहे. आणि ज्याला चालताना छातीत दाटते, त्याने आधी डॉक्टर गाठावा, मग मैदान.

पण माझी खरी मागणी माणसांकडे नाही, कचेऱ्यांकडे आहे. दर तासाला पाच मिनिटे उठण्याचा हक्क चहाच्या सुट्टीइतका रीतसर मानावा. पंधरा मिनिटांत संपणारी बैठक उभ्यानेच व्हावी. ती दहा मिनिटांत संपेल. घंटी कपाटात ठेवावी आणि साहेबाने कारकुनाच्या टेबलाशी स्वतः जावे. त्याने मान जात नाही, मेद जातो. ज्याचा कागद हवा त्यानेच उठून काढावा. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासावी. आणि तालुक्याच्या गावी संध्याकाळी प्रौढांना, विशेषतः स्त्रियांना, निर्धास्त चालता येईल असे एक उजेडाचे मैदान असावे. त्या २०२४ च्या अभ्यासात पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय स्त्रिया ५७ टक्के होत्या आणि पुरुष ४२. पहाटे पाचला उठून डबे भरून कचेरीत येणाऱ्या बाईला 'जरा चालत जा' असे सांगणे सोपे आहे. तिला त्यासाठी अर्धा तास कोण देणार? तो नवऱ्यानेच द्यावा. त्याने केर काढावा, पाणी भरावे, भाजी आणावी. तिला वेळ मिळेल, त्याला व्यायाम होईल आणि गाडगेबाबांच्या तसबिरीला निदान तोंड दाखवता येईल.

आपल्या घरी पाहुण्यांची जी सरबराई होते तिला मराठीत फार सुंदर शब्द आहे, 'उठबस'. त्यात बसण्याच्या आधी उठणे आले आहे. दिवाळीला माणसे येतील. त्यांची उठबस करा, आणि ती घरातल्या एकट्या बाईवर टाकू नका. पाडव्याला ओवाळून झाले की सगळे घर मिळून गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत चालत जा. आणि सुट्टी संपवून कचेरीत गेल्यावर खिडकीशी तो म्हातारा पुन्हा उभा दिसेल, तेव्हा "उद्या या" म्हणण्यापूर्वी एकदा त्या कपाटाकडे पाहा. वीसच पावले आहेत. उठा!